प्रादेशिक विमानतळांची प्रशासनरचना : नांदेड आणि लातूर

प्रादेशिक विमानतळाची प्रशासनरचना म्हणजे विमानतळाची जमीन कोणाच्या मालकीची, त्याचा परवाना कोणाच्या नावे, दैनंदिन कारभार कोणाकडे, तूट कोणी भरून काढायची आणि सेवा खंडित झाल्यास जबाब कोणी द्यायचा, यांविषयीची कायदेशीर व आर्थिक व्यवस्था होय. मोठ्या महानगरांतील विमानतळ स्वतःच्या उत्पन्नावर चालू शकतात. जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या लहान विमानतळांना मात्र बहुधा सार्वजनिक आधाराची गरज असते. त्यामुळे त्यांच्या बाबतीत रचनेची निवड अधिक महत्त्वाची ठरते. महाराष्ट्रात या प्रश्नाचा सर्वांत बोलका अनुभव मराठवाड्यातील नांदेड व लातूर या दोन विमानतळांनी दिला आहे. सार्वजनिक बांधकाम विभाग, औद्योगिक विकास महामंडळ आणि दीर्घ मुदतीचा खासगी भाडेपट्टा अशा तिन्ही व्यवस्था या दोन ठिकाणी होऊन गेल्या आहेत.

घटनात्मक व वैधानिक चौकट

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत २९ व्या नोंदीखाली हवाई मार्ग, विमाने, विमानतळांची तरतूद आणि विमान वाहतुकीचे नियमन हे विषय येतात. त्यामुळे विमान वाहतुकीविषयी कायदे करण्याचा अधिकार संसदेला आहे. जमीन हा विषय मात्र राज्यसूचीत आहे. या विभागणीमुळे राज्य शासन विमानतळाची जागा देऊ शकते, तो बांधू शकते आणि कंपनीमार्फत चालवूही शकते. परंतु त्यावर विमान उतरू द्यायचे की नाही, हे केंद्रीय यंत्रणा ठरवते.

सुरक्षिततेचे नियमन नागरी विमान वाहतूक महासंचालनालय करते. दीर्घकाळ या नियमनाचा आधार १९३४ चा विमान अधिनियम व १९३७ चे विमान नियम हा होता. १ जानेवारी २०२५ पासून मूळ अधिनियमाची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ याने घेतली. नियमित प्रवासी सेवेसाठी वापरल्या जाणाऱ्या विमानतळाला महासंचालनालयाचा परवाना लागतो. धावपट्टीची स्थिती, तिच्या दोन्ही अंगांची व टोकांची मोकळी जागा, दिवे व खुणा, अग्निशमन दलाची सज्जता, कुंपण, पक्षी व जनावरांपासूनचा बंदोबस्त यांची तपासणी करून तो दिला जातो. या अटींचे मूळ १९४४ च्या शिकागो कराराच्या चौदाव्या परिशिष्टातील आंतरराष्ट्रीय मानकांत आहे. घातपातविरोधी सुरक्षेची मानके नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो ठरवतो.

प्रवासी व विमान कंपन्यांकडून घ्यावयाच्या शुल्कासाठी २००८ च्या अधिनियमान्वये विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण स्थापन झाले. तथापि या प्राधिकरणाच्या कक्षेत केवळ ‘प्रमुख’ विमानतळ येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वर्षाला ३५ लाखांहून अधिक प्रवासी असलेला विमानतळ प्रमुख गणला जातो. नांदेड व लातूर या मर्यादेच्या कितीतरी खाली असल्याने त्यांच्या चालकावर या नियामकाची थेट देखरेख नसते. परिणामी अशा ठिकाणी चालकाशी झालेला करार हेच नियंत्रणाचे मुख्य साधन उरते.

नांदेड व लातूर येथील वाटचाल

नांदेडचा विमानतळ १९५८ मध्ये सार्वजनिक बांधकाम विभागाने बांधला. त्या वेळी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्याचा भाग होता. शिखांचे दहावे गुरू श्री गुरू गोविंदसिंग यांचे १७०८ मध्ये नांदेड येथे निर्वाण झाले आणि तेथेच त्यांनी गुरू ग्रंथसाहिबास गुरुपद दिले. या घटनेचा त्रिशताब्दी सोहळा २००८ मध्ये ‘गुरू-ता-गद्दी’ या नावाने साजरा झाला. देशविदेशांतून येणाऱ्या भाविकांच्या सोयीसाठी त्या निमित्ताने विमानतळाची धावपट्टी व इमारत नव्याने उभारण्यात आली आणि त्यास श्री गुरू गोविंदसिंगजी यांचे नाव देण्यात आले. धावपट्टीची लांबी सुमारे २,३०० मीटर असून एअरबस ए-३१९ सारखी जेट विमाने तेथे उतरलेली आहेत.

लातूरचा विमानतळही सार्वजनिक बांधकाम विभागानेच १९९१ मध्ये उभारला. पुढे तो महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे गेला व त्याची धावपट्टी वाढवण्यात आली. जिल्ह्याच्या ठिकाणी धावपट्टी असेल तर उद्योग येतील, असा विचार या हस्तांतरणामागे होता.

२००९ मध्ये राज्यातील नांदेड, लातूर, बारामती, यवतमाळ व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) हे पाच विमानतळ ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने रिलायन्स एअरपोर्ट डेव्हलपर्स या खासगी कंपनीकडे सोपवण्यात आले. भाडेपट्ट्याची ही मुदत एकविसावे शतक ओलांडून जाणारी होती.

त्यानंतरच्या काळात विमानसेवा सलग राहिली नाही. नांदेडला सेवा देणारी किंगफिशर एअरलाइन्स ही कंपनी २०१२ मध्ये बंद पडली. केंद्राच्या ‘उडान’ योजनेखाली २७ एप्रिल २०१७ रोजी ज्या पहिल्या उड्डाणांचा शुभारंभ झाला, त्यांत नांदेड–हैदराबाद मार्गाचा समावेश होता. ही सेवा ट्रूजेट कंपनीची होती. त्याच वर्षी डिसेंबरात एअर इंडियाने नांदेड–अमृतसर सेवा सुरू केली. २०२२ मध्ये ट्रूजेटची उड्डाणे थांबली. २०२४ मध्ये स्टार एअरने बंगळूर व अन्य शहरांशी नांदेड पुन्हा जोडले. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरक्षाविषयक त्रुटींमुळे महासंचालनालयाने परवाना स्थगित केल्याने उड्डाणे काही काळ बंद राहिली. लातुरात नियमित प्रवासी सेवा टिकू शकली नाही.

दरम्यान या विमानतळांच्या देखभालीविषयी राज्य शासनाने जाहीर नाराजी व्यक्त केली आणि ते परत ताब्यात घेण्याचा विषय हाती घेतला. ते कोणत्या यंत्रणेने चालवावेत, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा चर्चेत आला.

लहान विमानतळाचे अर्थकारण

प्रशासनरचनेची निवड समजून घेण्यासाठी लहान विमानतळाचा जमाखर्च लक्षात घेणे आवश्यक आहे. विमानतळाचा बराचसा खर्च स्थिर स्वरूपाचा असतो. दिवसाला एक विमान येवो वा दहा येवोत, अग्निशमन दल सज्ज ठेवावे लागते, धावपट्टीची निगा राखावी लागते, कुंपणाची गस्त व सुरक्षा तपासणीची यंत्रणा चालू ठेवावी लागते. अग्निशमन दलाची श्रेणी विमानाच्या लांबी-रुंदीवरून ठरते. म्हणजे आठवड्यातून काही वेळाच मोठे विमान येणार असले, तरी त्यासाठी वरच्या श्रेणीची व्यवस्था ठेवावी लागते.

उत्पन्न मात्र वाहतुकीच्या प्रमाणात मिळते. मोठ्या विमानतळांना दुकाने, वाहनतळ, जाहिराती व जमिनीचा व्यापारी वापर यांतून भरीव रक्कम मिळते. लहान ठिकाणी ही साधने तोकडी असतात. उडान योजनेखालील उड्डाणांना तर उतरण्याचे व थांबण्याचे शुल्क माफ आहे. त्यामुळे प्रवासी वाढले तरी चालकाचे उत्पन्न त्याच प्रमाणात वाढत नाही.

उडान योजनेत विमान कंपनीला ठरावीक आसने सवलतीच्या दरात विकण्याच्या बदल्यात तीन वर्षे तूटभरपाई निधी मिळतो. त्यातील २० टक्के वाटा सर्वसाधारणपणे राज्याने उचलावयाचा असतो. शिवाय विमान इंधनावरील मूल्यवर्धित कर एक टक्का किंवा त्याहून कमी ठेवणे आणि पोलीस व अग्निशमन सेवा विनाशुल्क पुरवणे ही जबाबदारीही राज्यावर असते. तीन वर्षांनंतर निधी थांबतो. तोपर्यंत मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहिला नसेल, तर कंपनी दुसऱ्या मार्गाकडे वळते. विमानतळाचा खर्च मात्र थांबत नाही. हा मधला काळ कोणी सोसायचा, हा प्रादेशिक विमानतळाच्या प्रशासनातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

प्रशासनाचे प्रमुख नमुने

शासकीय विभाग : सार्वजनिक बांधकाम विभागासारख्या खात्याने विमानतळ बांधणे व सांभाळणे, ही सर्वांत जुनी पद्धत होय. बांधकामाचा अनुभव व अर्थसंकल्पाचा आधार हे तिचे बळ आहे. परंतु विमान कंपन्यांशी वाटाघाटी करणे, परवान्याच्या बदलत्या अटी पाळणे व प्रशिक्षित मनुष्यबळ टिकवणे या गोष्टी खात्याच्या चौकटीत अवघड जातात. अधूनमधून उतरणाऱ्या शासकीय वा खासगी विमानांपुरती ही व्यवस्था पुरेशी ठरते. नियमित प्रवासी सेवेला ती अपुरी पडते.

भारतीय विमानतळ प्राधिकरण : १९९४ च्या अधिनियमान्वये १ एप्रिल १९९५ रोजी हे प्राधिकरण अस्तित्वात आले. छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, जळगाव व सोलापूर येथील विमानतळ ते चालवते. लातूरच्या शेजारच्या कर्नाटकातील कलबुर्गी विमानतळ राज्य शासनाने बांधला व चालवण्यासाठी प्राधिकरणाकडे दिला. प्राधिकरणाकडे तांत्रिक मनुष्यबळ असते आणि देशभरातील जाळ्यामुळे एका ठिकाणची तूट दुसरीकडच्या उत्पन्नातून भरून निघू शकते. मात्र निर्णय दिल्लीत होतात आणि शंभराहून अधिक विमानतळांच्या यादीत एखाद्या जिल्ह्याचा क्रम कोठे लागेल, हे स्थानिकांच्या हाती राहत नाही.

राज्य शासनाची कंपनी : २००२ मध्ये स्थापन झालेली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी हे याचे उदाहरण आहे. १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झालेला शिर्डी विमानतळ व एप्रिल २०२५ मध्ये प्रवासी सेवा सुरू झालेला अमरावती विमानतळ तिच्याकडे आहेत. कर्नाटकात शिवमोग्गा विमानतळ त्या राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ चालवते. या रचनेत निर्णय राज्यातच होतात आणि एकाच कंपनीकडे अनेक विमानतळ असल्यास तज्ज्ञ मनुष्यबळ वाटून घेता येते. राज्याच्या तिजोरीवरील अवलंबित्व आणि राजकीय प्राधान्यक्रमातील चढउतार या तिच्या मर्यादा होत.

संयुक्त कंपनी : नागपूर विमानतळासाठी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी (५१ टक्के) व भारतीय विमानतळ प्राधिकरण (४९ टक्के) यांनी मिहान इंडिया ही कंपनी स्थापन केली. चंदीगड विमानतळाच्या कंपनीत प्राधिकरणाचे ५१ टक्के, तर पंजाब व हरियाणा यांचे प्रत्येकी २४.५ टक्के भाग आहेत. केरळातील कोची विमानतळाची कंपनी १९९४ मध्ये नोंदवली गेली. तिच्यात राज्य शासनाबरोबर परदेशस्थ मल्याळी लोकांसह हजारो भागधारकांनी भांडवल घातले आणि १९९९ मध्ये विमानतळ सुरू झाला. मात्र कोचीला आखाती देशांकडे जाणाऱ्या प्रवाशांचा मोठा ओघ लाभला होता. अशा हमखास वाहतुकीवाचून लोकसहभागाचे भांडवल उभे राहणे कठीण असते.

खासगी चालक : मुंबई विमानतळ २००६ मध्ये खासगी बहुमताच्या कंपनीकडे गेला, त्यात प्राधिकरणाचे २६ टक्के भाग राहिले. सिंधुदुर्गातील चिपी विमानतळ खासगी कंपनीने बांधला व ९ ऑक्टोबर २०२१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. खासगी भांडवल व व्यवस्थापनातील चपळता हे या नमुन्याचे लाभ मानले जातात. परंतु मुंबईत चालकाला मिळणारा महसूलच त्याला गुंतवणूक करायला लावतो. लहान विमानतळावर तशी प्रेरणा आपोआप निर्माण होत नाही. तेथे चालकाने काय करावयाचे, कोणत्या मुदतीत करावयाचे आणि न केल्यास काय होईल, हे करारातच स्पष्ट लिहावे लागते.

परदेशातील नमुने

स्कॉटलंडमध्ये डोंगराळ व बेटांच्या प्रदेशांतील ११ विमानतळ ‘हायलँड्स अँड आयलँड्स एअरपोर्ट्स’ ही कंपनी चालवते. ती संपूर्णपणे स्कॉटिश शासनाच्या मालकीची आहे. तूट भरून काढण्यासाठी शासन तिला अनुदान देते. तेथे विमानतळ हा रस्ता वा नौकासेवेप्रमाणे सार्वजनिक सोयीचा भाग मानला जातो. नॉर्वेत शासकीय मालकीची अविनोर ही कंपनी चाळीसहून अधिक विमानतळ चालवते आणि ऑस्लोसारख्या मोठ्या विमानतळांचे उत्पन्न लहान विमानतळांकडे वळवते.

कॅनडाने १९९४ च्या राष्ट्रीय विमानतळ धोरणानुसार मोठ्या विमानतळांची जमीन संघशासनाकडे ठेवून ती ना-नफा तत्त्वावरील स्थानिक प्राधिकरणांना भाडेपट्ट्याने दिली, तर अनेक लहान विमानतळ स्थानिक संस्थांकडे सोपवले. अमेरिकेत बहुसंख्य व्यापारी विमानतळ शहरे, परगणे किंवा त्यांनी स्थापलेली सार्वजनिक प्राधिकरणे यांच्या मालकीचे आहेत.

भारतातही मोठ्या व लहान विमानतळांना एका सूत्रात बांधण्याचा विचार झाला आहे. २०२१ मध्ये विमानतळ आर्थिक नियामक अधिनियमात दुरुस्ती होऊन विमानतळांचा गटही ‘प्रमुख विमानतळ’ म्हणून अधिसूचित करण्याची तरतूद करण्यात आली. वाराणसीबरोबर कुशीनगर व गया यांचा एकत्रित विचार हे या धोरणाचे उदाहरण आहे. २००९ मध्ये महाराष्ट्रातील पाच विमानतळही गटानेच देण्यात आले होते; परंतु त्या गटात इतरांचा भार पेलू शकेल असा एकही मोठ्या उत्पन्नाचा विमानतळ नव्हता. गट करण्याचा लाभ गटात कोण आहे यावर अवलंबून असतो, हे या दोन उदाहरणांच्या तुलनेतून दिसते.

उत्तरदायित्व

रचना बदलली की नागरिकांना उपलब्ध असलेली माहितीची साधनेही बदलतात. शासकीय विभाग, विमानतळ प्राधिकरण व शासकीय कंपनी यांना माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ लागू होतो. शासकीय कंपनीच्या हिशेबांवर भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांची देखरेख असते आणि त्यांचे अहवाल विधिमंडळापुढे येतात. खासगी चालकाला या तरतुदी आपोआप लागू होत नाहीत. अशा वेळी नागरिकाला भाडेपट्टा देणाऱ्या शासकीय संस्थेमार्फत माहिती मिळवावी लागते आणि त्या संस्थेकडे किती माहिती असेल, हे करारातील अहवाल देण्याच्या अटींवर ठरते.

परवाना स्थगित झाल्यास त्याचा परिणाम केवळ चालकावर होत नाही. विमान कंपनीचे वेळापत्रक कोलमडते, तिकिटे रद्द होतात, उपचारांसाठी हैदराबाद वा मुंबई गाठू पाहणारा रुग्ण आणि सचखंड गुरुद्वाऱ्याच्या दर्शनास आलेला भाविक दोघेही अडकतात. तरीही लहान विमानतळांच्या बाबतीत प्रवाशांच्या वतीने चालकाला जाब विचारणारा स्वतंत्र आर्थिक नियामक नसल्याने हा भार शेवटी जमीनमालक असलेल्या राज्याकडेच येतो.

निवडीचे निकष

प्रादेशिक विमानतळासाठी रचना निवडताना पुढील प्रश्न विचारात घेतले जातात.

१. वाहतुकीचे स्वरूप : प्रवासी वर्षभर आहेत की हंगामी? नांदेडला धार्मिक पर्यटनाचा निश्चित आधार आहे. लातूरची ओळख शिक्षण व शेतमालाच्या बाजारपेठेची असून तेथील बहुतांश प्रवासी रेल्वे व रस्त्याने जातात.

२. तुटीची तरतूद : विमानसेवा बंद असलेल्या काळात परवाना टिकवण्याचा खर्च कोणत्या लेखाशीर्षातून होणार, हे आधी ठरले आहे काय?

३. कराराची मुदत : मुदत गुंतवणूक वसूल होण्यापुरती आहे की त्याहून कितीतरी अधिक? मुदत जितकी मोठी, तितकी टप्प्याटप्प्याने होणाऱ्या पुनरावलोकनाची गरज अधिक.

४. कामगिरीच्या अटी : परवान्याची श्रेणी, धावपट्टीची देखभाल व अग्निशमन सज्जता यांबाबत मोजता येतील अशा अटी व दंड आहेत काय?

५. परतीचा मार्ग : अटी मोडल्यास विमानतळ किती दिवसांत व कोणत्या मोबदल्यावर परत घेता येईल? परवाना चालकाच्या नावे असल्याने चालक बदलताना नव्या परवान्याची प्रक्रिया करावी लागते. तेवढ्या काळात उड्डाणे चालू ठेवण्याची तरतूद आहे काय?

६. स्थानिक सहभाग : जिल्हा प्रशासन, महानगरपालिका, व्यापारी संघटना व प्रवासी यांचे म्हणणे मांडण्यासाठी निर्णयप्रक्रियेत जागा आहे काय?

मराठवाड्याच्या संदर्भात

नांदेड व लातूर यांचा इतिहास पाहता मालकी सार्वजनिक की खासगी, एवढ्याच मुद्द्यावर ही निवड करता येत नाही. सार्वजनिक विभागाच्या काळातही या ठिकाणी नियमित सेवा टिकली नाही आणि खासगी भाडेपट्ट्याच्या काळातही ती अखंड राहिली नाही. उलट स्कॉटलंड व नॉर्वे येथील लहान विमानतळ दीर्घकाळ चालू राहिले, कारण तूट कोणी भरायची हे तेथे आधीच ठरलेले होते.

या दृष्टीने दोन्ही विमानतळांना एकच साचा लागू पडेल असे नाही. नांदेडला प्रवाशांची मागणी सिद्ध झाली असून तेथे परवाना अखंड राखू शकणारा, तांत्रिक बळ असलेला चालक ही पहिली गरज आहे. हा चालक प्राधिकरण असू शकतो, राज्याची कंपनी असू शकते किंवा दोहोंची संयुक्त कंपनी असू शकते. लातूरला नियमित सेवा येईपर्यंत धावपट्टी सुस्थितीत ठेवणे व तातडीच्या प्रसंगी ती वापरता येणे, हे मर्यादित पण आवश्यक उद्दिष्ट आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाचा अनुभव असलेल्या या जिल्ह्यात आपत्तीच्या वेळी उपयोगी पडणारी धावपट्टी ही स्वतंत्रपणे मोलाची आहे. असे मोल प्रवासीसंख्येत मोजता येत नसल्याने ते कोणत्याही व्यापारी करारात आपोआप उतरत नाही; ते जपायचे असल्यास सार्वजनिक संस्थेने त्याची जबाबदारी व खर्च लेखी स्वीकारावा लागतो.